नानांचा दुसरा खड्डा

आमच्या घरात स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की पुढच्या ओटल्यावरचा दिवा लागायचा, आणि ओटल्याकडचं दाबलं की स्वयंपाकघर उजळायचं. घरात वीज आली तेव्हा आतलं सगळं वायरिंग नानांनी स्वतः केलं होतं. मी स्टुलावर उभी राहून तारा धरल्या होत्या. चूक पहिल्याच संध्याकाळी आईच्या लक्षात आली. नाना म्हणाले, "दिवा लागतो ना? मग झालं." ती चूक त्यांनी शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही आणि कुणा वायरमनला करूही दिली नाही. पुढे आईला त्याची इतकी सवय झाली की माहेरी सांगलीला गेली की पहिले दोन दिवस ती भलतीच बटणं दाबत हिंडायची.

नाना म्हणजे माझे वडील. शेजारीपाजारी सगळे गुजराती, आणि गुजरातीत नाना म्हणजे आईचे वडील. त्यामुळे माझ्या मैत्रिणींना बरेच दिवस वाटायचं की मी आजोळी राहते आणि माझे आजोबा वयाच्या मानानं फारच तरुण आहेत. सुरतेला नानपुऱ्यातल्या एका शेरीत, म्हणजे गल्लीत, आम्ही भाड्यानं राहत होतो. घरमालक मुंबईत असायचे आणि कधीच कुठल्या पत्राला उत्तर द्यायचे नाहीत. नाना त्यालाच परवानगी समजायचे.

ते मराठी शाळेत संस्कृत शिकवायचे. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून शाळेत जायचे. घरी आले की कोट खुंटीला लावायचा, धोतर गुडघ्याच्या वर खोचायचं, कानामागे पेन्सिल अडकवायची आणि घरभर हिंडत आज काय थकलंय ते शोधायचं. कुठलीही वस्तू मोडली असं ते म्हणत नसत. नळ थकायचा, खाट थकायची, एकदा माळ्याचा जिना थकला. मग त्या थकलेल्या वस्तूसमोर आम्ही दोघं मांडी घालून बसायचो. "आधी बघ. हात मग," असं ते म्हणायचे आणि खरोखरच पाऊण पाऊण तास नुसते बघत बसायचे. आई आतून विचारायची, पूजा चाललीय की काम?

खिळा ठोकताना ते विभक्ती म्हणायचे. एका खिळ्याला तीन घाव. रामः, रामौ, रामाः. पुढचा खिळा द्वितीयेचा. करवत चालवायची ती स्त्रीलिंगी शब्दांवर, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मधेच चुकले की खिळाही वाकडा जायचा असं त्यांचं म्हणणं. माझं संस्कृत असं खिळ्याखिळ्यानं पक्कं झालं. आजसुद्धा षष्ठी म्हणताना माझा उजवा हात किंचित वर जातो.

त्यांचं सगळं काम चांगलं व्हायचं असं मी म्हणणार नाही. त्यांनी केलेली आरामखुर्ची शाळेच्या हेडमास्तरांखाली एका रविवारी सकाळी सपाट झाली. हेडमास्तर जमिनीवर, आई पदर तोंडाला लावून दारात, आणि नाना त्यांना हात देऊन उठवताना विचारतायत, "आधी कुठली बाजू गेली, डावी की उजवी?" त्यांना ते खरंच हवं होतं.

साताऱ्याहून काका आले की त्यांना हे सगळं असह्य व्हायचं. आपल्या घराण्यात आजवर कुणी करवत धरली नाही, असं ते म्हणायचे. "म्हणूनच तिथल्या सगळ्या खाटा करकरतात," नाना म्हणायचे. काकांचा खरा आक्षेप माझ्यावर होता. मुलीच्या हातात पाना देऊन तिला छपरावर चढवायची, याला काय अर्थ आहे? उद्या हिच्याशी लग्न कोण करील? नानांकडे त्याला एकच उत्तर होतं. ज्या घराचा नळ आपल्याला खोलता येत नाही त्या घरात आपण पाहुणे असतो, आणि माझी मुलगी कुठल्याही घरात पाहुणी म्हणून राहणार नाही. हे ते अगदी शांतपणे बोलायचे, पण बोलताना हनुवटी पुढे यायची. हनुवटी पुढे आली की आई वाद सोडून द्यायची.

मी अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा देऊन घरी बसले होते त्या उन्हाळ्यात ती हनुवटी जी पुढे आली, ती चांगले दोन महिने मागे गेली नाही.

तेव्हा आमच्या शेरीत डब्याचे संडास होते. परसात एक उंच खोली, खाली पत्र्याचा डबा आणि मागच्या बोळाकडे उघडणारी एक छोटी झडप. रोज सकाळी मणीबेन त्या बोळातून यायची, झडप उघडून डबा ओढायची, टोपलीत रिकामा करायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत जायची. आमच्या शेरीतली अठरा-वीस घरं तिची होती, शेजारच्या शेऱ्या तिच्या दिराच्या आणि भावजयीच्या. उंच, काटक बाई. आवाज मोठा. मी तिला लहानपणापासून ऐकत होते, पण तिचा चेहरा मला नीट माहीत नव्हता. ती बोळात असायची आणि आम्ही घरात.

जशी नावाची तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी कधी कधी तिच्याबरोबर यायची. एका दुपारी ती मुलगी आमच्या घरांपुढून चालली होती, तर तिच्या पायात काटा गेला. तो काढायला ती सगळ्यात जवळच्या ओटल्यावर टेकली. तो ओटला जरीचा धंदा करणाऱ्या एका शेठचा होता. शेरीत त्यांचा शब्द चालायचा. ते बाहेर आले आणि त्यांनी छत्रीच्या दांड्यानं त्या पोरीला मारलं. तिचं मनगट सुजलं. पुढे कळलं की हाड दुखावलं होतं. मी हे आमच्या खिडकीतून पाहिलं. आधी काटा पाहिला होता, मग छत्री. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. हे मी कबूल करते, कारण पुढे मी जे केलं ते त्यामुळे केलं.

दुसऱ्या दिवशी मणीबेन आली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: शेठनी पोरीची माफी मागावी, तोवर या शेरीत कुणी येणार नाही. दुसरं कुणी बोलवायचा प्रयत्न झाला, पण त्यांच्यातलं कुणीच यायला तयार होईना. वैशाखाचं ऊन होतं. चौथ्या दिवशी शेरीत नाकाला पदर लावल्याशिवाय फिरता येईना.

संध्याकाळी शेठच्या ओटल्यावर पुरुषमंडळी जमली. नानांना बोलावणं आलं, कारण म्युनिसिपालिटीला अर्ज लिहायचा होता आणि मास्तरांचं अक्षर चांगलं. नाना गेले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की अर्जाची गरज नाही, हे एका वाक्याचं काम आहे, शेठनी ते बोलून टाकावं. मग शेठ हसून म्हणाले, मास्तर, तुम्ही महाराष्ट्रातले, तुम्हाला इथलं कळायचं नाही. दोन राज्यं वेगळी होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि असली वाक्यं अधूनमधून कानावर पडायची. नाना त्यांच्या मोडक्या गुजरातीत म्हणाले की मी वीस वर्षं इथलं पाणी पितोय, पण नसतो पीत तरी छत्री कुठल्या टोकानं धरायची एवढं मला कळलं असतं.

ते घरी आले तेव्हा हनुवटी पुढे होती. आईनं विचारलं, आता काय? नाना म्हणाले, मणीबेनचं बरोबर आहे. ती येईपर्यंत आपला डबा आपण न्यायचा.

"आपण म्हणजे कोण?" आईनं विचारलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, मुद्दामच पाहिलं नाही. ते म्हणाले, मी एकटा नेईन. पण मला माहीत होतं की भरलेला डबा एका माणसाला धड नेता येत नाही. मी म्हटलं, "नाना, दुसरी बाजू कोण धरणार?"

आई उठून आत गेली.

सकाळी नानांनी तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून एक घट्ट झाकण केलं, कडेला डांबर लावलं, डब्याला दोन कड्या ठोकल्या आणि त्यातून वेळू घातला. विभक्ती म्हटली नाही. झडप उघडली आणि मी परसातल्या कडुलिंबाखाली जाऊन ओकले. नाना थांबले. मग विचारलं, "झालं?" मी मान हलवली. "तर उचल."

मागच्या बोळातून गेलो असतो तर कुणी पाहिलं नसतं. पण बोळ चार दिवसांत चालण्याजोगा राहिला नव्हता, आणि तो असता तरी नाना पुढूनच गेले असते. सकाळचे आठ वाजले होते. दुधवाले, शाळेची मुलं, ओटले धुणाऱ्या बायका, सगळी शेरी रस्त्यावर. पुढे नाना, खांद्यावर वेळू, डोक्यावर शाळेत जायची काळी टोपी. मागे मी. खिडक्या धडाधड लागायला लागल्या. कुणीतरी थुंकलं. माझी वर्गमैत्रीण हंसा दारात उभी होती, ती मला बघून आत पळाली. माझे डोळे भरून आले आणि मान खाली गेली. नाना मागे न बघता म्हणाले, "मान वर ठेव. वेळू तिरका होतोय." वेळू तिरका होत होता की नव्हता ते मला आजही माहीत नाही. मी मान वर केली आणि गाडीपर्यंत खाली घातली नाही.

परत आलो तर आई पुढच्या दारात उभी होती. परसात नाही, पुढच्या दारात, सगळ्या शेरीसमोर. पायरीवर कढत पाण्याच्या दोन बादल्या, साबण, खांद्यावर धुतलेले टॉवेल. समोरच्या घरातल्या बाईंनी तिला काहीतरी विचारलं. आई त्यांना म्हणाली, "मारी दीकरी छे," माझी मुलगी आहे ही, आणि माझ्या हातांवर पाणी ओतायला लागली. आईला इतक्या वर्षांनीही गुजरातीची चार वाक्यं धड येत नव्हती.

तीन दिवस आम्ही दोघंच होतो. चौथ्या दिवशी शेवटच्या घरातल्या कांतामासी, एकट्या राहणाऱ्या विधवा बाई, आपला डबा ओढत दारात आल्या आणि नानांना म्हणाल्या, मलाही तसलं झाकण करून द्या. नानांनी त्यांना झाकण करून दिलं आणि त्यांच्या डब्याची दुसरी बाजू मी धरली. आठव्या दिवसापर्यंत पाच घरं झाली. हंसाचे वडील एक दिवस आले, पण अगदी पहाटे. नानांनी त्यांनाही झाकण करून दिलं.

शेठच्या घरी माणसं जास्त. तिथे फार हाल झाले असणार. त्यांनी मणीबेनकडे मुनीमाबरोबर नवी साडी पाठवली. ती तिनं घडीसुद्धा न मोडता परत पाठवली. शेवटी बाराव्या दिवशी शेठ स्वतः बोळाच्या तोंडाशी आले. मणीबेन जशीला घेऊन उभी होती, पोरीचा हात फडक्यात बांधलेला. आम्ही आठ-दहा जण लांब उभे होतो. शेठ बाजूच्या भिंतीकडे बघत पुटपुटले की चूक झाली.

मणीबेन म्हणाली, "भींतने नहीं, छोकरीने कहो."

भिंतीला नाही, मुलीला सांगा. तिनं आवाज चढवला नव्हता. शेठनी मान वळवली, जशीकडे पाहिलं आणि परत तेच शब्द बोलले. जशी आईच्या पदराआड गेली. एवढंच झालं.

नाना त्या दिवशी जिंकल्यासारखे घरी आले. श्रीखंड झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते परसात दात घासत उभे असताना झडप उघडल्याचा आवाज झाला आणि मणीबेननं आमचा डबा ओढला. नानांनी तो आवाज रोज ऐकला असेल. त्या दिवशी ते तसेच उभे राहिले. नंतर जेवायला बसले आणि ताटावरून उठले. आईला म्हणाले, "बारा दिवस मी तो डबा नेला तर लोकांनी मला बंडखोर म्हटलं. ती तीस वर्षं नेते, तिला काय म्हणतात?" दुपारी ते कुदळ आणि पहार घेऊन आले.

परसात खाळकुवा करायचा, म्हणजे मैला जिरायचा खड्डा, आणि त्याला जोडून पाण्याचा संडास. त्यांनी कुठूनसं एक पुस्तक मिळवलं, चार दिवस नुसतं बघितलं आणि कडुलिंबाच्या कोपऱ्यात जागा ठरवली, कारण ती घरापासून सगळ्यात लांब. शेजारच्या दोघा गवंड्यांनी सल्ला द्यायचा प्रयत्न केला. नानांनी त्यांचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. आम्ही दोघं अकरा दिवस खणत होतो. मी घमेलं वर ओढायची. नाना दिसेनासे झाले, नुसता खालून आवाज यायचा. तळहात आधी फुटले आणि मग टणक झाले. खड्डा दीड पुरुष खोल गेला तेव्हा नाना वर आले, अंगभर माती, आणि इतके खूश होते की जो दिसेल त्याला दाखवायचे.

मणीबेनला त्यांनी बोलावलं. बोळातून नाही, घरातून. ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग घर ओलांडून परसात आली, काठाशी उकिडवी बसली आणि बराच वेळ खाली बघत राहिली. अगदी नानांसारखी. मग म्हणाली, "मास्तर, आ खाडो खोटो छे." हा खड्डा चुकलाय.

मग तिनं सांगितलं. ही शेरी नदीकडे उतरती आहे. कडुलिंबाचा कोपरा सगळ्यात सखल. पावसाळ्यात इथे जमिनीतून पाणी वर येतं, तुमचा खड्डा खालूनच भरेल आणि सगळं तरंगत स्वयंपाकघरात येईल. तिथे विहीरही जवळ. उंच जागा इकडे, न्हाणीच्या भिंतीपाशी. तिथे उथळ खणा, रुंद खणा, आणि विटा फटी ठेवून रचा, म्हणजे पाणी बाजूंनी मुरेल. हे तिला कुणी शिकवलं होतं? तीस वर्षं ती दर पावसाळ्यात या बोळात गुडघाभर पाण्यातून चालत होती. कुठल्या घरामागे पाणी कधी चढतं आणि कधी ओसरतं हे तिच्याइतकं सुरतेत कुणालाच माहीत नव्हतं.

मी नानांकडे पाहिलं. अकरा दिवसांची मेहनत होती, आणि ज्या माणसानं आयुष्यात एका मिस्त्रीचं ऐकलं नव्हतं तो माणूस होता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, ती मणीबेनपुढे धरली आणि म्हणाले की जागा दाखवा. तिनं पेन्सिल घेतली नाही. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली.

पहिला खड्डा बुजवायला आम्हाला चार दिवस लागले. दुसरा सात दिवसांत झाला. विटा कामरेजच्या भट्टीवरून बैलगाडीनं आल्या. संडासाच्या भांड्याखाली बसवायचा तो वाकडा पाइप, ज्याला आपल्याकडे कोंबडा म्हणतात, तो बसवायचं काम माझं, कारण माझा हात आत जायचा. कोंबडा सरळ बसला नाही तर पाणी त्यात थांबत नाही आणि घरभर वास येतो. मी तो तीनदा काढून चौथ्यांदा बसवला. पहिली बादली आईनं ओतली. आम्ही तिघंही आत वाकून बघत होतो.

मणीबेन नंतर आली, पाहिलं, मान डोलावली. मग विचारलं, मास्तर, आता माझा रोटला?

नानांचा चेहरा उतरला. तिच्या डोक्यावरची टोपली त्यांना दिसली होती, तिच्या घरची चूल नाही. ते काहीतरी बोलायला लागले, शाळेत शिपायाची जागा वगैरे. तिनं त्यांना मधेच थांबवलं. म्हणाली की असं तोंड करू नका, मी हिशेब करूनच आले आहे. कांतामासी विचारत होत्या, अजून दोन घरं विचारत होती. खड्डे आता होणारच. तर ते माझा नवरा आणि पुतण्या खणतील, जागा मी दाखवीन, नकाशा तुम्ही काढा आणि कोंबडा ही बसवील. हे तिनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. तिची एकच अट होती. आपण प्रत्येक घरात पुढच्या दारानं जाणार.

आम्ही पाच जणांनी पुढच्या चार वर्षांत शेरीतल्या चौदा घरांचे खड्डे केले. मी कॉलेजात जात होते आणि सुट्टीच्या दिवशी कोंबडे बसवत होते. पुढच्या दाराच्या अटीवरून काही घरं अडून बसली. त्यांना मणीबेन म्हणायची, बरं, मग राहू दे, आणि उठून जायची. महिन्या-दोन महिन्यांत बोलावणं यायचं. शेठचं घर सगळ्यात शेवटी आलं. त्यांच्या सुनेनं हट्ट धरला म्हणे. त्या दिवशी मणीबेन केस विंचरून, धुतलेली साडी नेसून आली. जशी बरोबर होती, आता चांगली उंच झालेली. दोघी ओटल्याच्या पायऱ्या चढल्या. ओटल्यावर पोचल्यावर मणीबेन जशीला म्हणाली, बस जरा. जशी बसली. शेठ आतल्या गादीवर होते. मणीबेन तिथेच उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, घाई नाही. चांगली पाच मिनिटं गेली असतील. नाना नकाशाची गुंडाळी हातात धरून उभे होते आणि मी कोंबडा. मग मणीबेन म्हणाली, चला, आणि आम्ही चौघंही शेठसमोरून परसात गेलो.

या सगळ्याची किंमत काकांनी सांगितली होती तशीच मला मोजावी लागली. माझ्यासाठी आलेलं पहिलं चांगलं स्थळ बडोद्याचं होतं. मुलगा इंजिनीअर. मला तो आवडला होता. नानांनी त्या लोकांना पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी सांगून टाकलं की माझ्या मुलीनं बारा दिवस संडासाचा डबा वाहिलाय आणि शेरीतले खाळकुवे तिच्या हातचे आहेत, उद्या कुणाकडून कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळावं. चहा तसाच राहिला. दुसऱ्या स्थळाचंही तेच झालं. मी नानांवर चिडले. हे सांगायची गरज होती का, असं मी त्यांना रडत विचारलं. ते म्हणाले, "तुला लपवायचं असेल तर नाही सांगणार. सांग, लपवायचंय?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, नाही. पण मला वाईट वाटलं नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. बडोद्याचा तो मुलगा मला पुढे कितीतरी दिवस आठवायचा.

तिसरं स्थळ कामरेजचं. मुलगा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, घरी आई एकटीच. मूळची नवापूरकडची माणसं. नानांनी त्यांचं ते वाक्य म्हटलं. मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या आईनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मला दाखवता का?"

मी त्यांना परसात घेऊन गेले. त्यांनी आत जाऊन पाहिलं, बादलीभर पाणी ओतलं, ते कसं जातं ते पाहिलं, परत एकदा ओतलं. मग हळू आवाजात मला म्हणाल्या की कामरेजला आम्हाला अजून शेतातच जावं लागतं. दिवसा पोटात दुखलं तरी अंधार पडायची वाट बघते मी. तुला आमच्याकडे असं करता येईल का गं?

माझं लग्न त्यांच्याशीच ठरलं असं मी पुढे नवऱ्याला चिडवायची.

लग्नानंतर महिन्याभरानं एका रविवारी नाना कामरेजला आले. खांद्यावर कुदळ आणि पहार, हातात घमेलं, डोक्यावर काळी टोपी. एसटीच्या कंडक्टरनं पहार आत घ्यायला नकार दिला होता आणि त्यावरून सुरतेच्या स्टँडवर भांडण होऊन ते जिंकून आले होते. सासरच्या आळीतली माणसं दारांत येऊन उभी राहिली. नवी सून, पदर खोचलेला, आणि तिचा बाप पहार घेऊन. एक म्हातारे गृहस्थ पुढे येऊन नानांना म्हणाले की अहो, निदान माणसं लावून तरी घ्यायची. नाना त्यांना म्हणाले, "आम्ही माणसंच आहोत."

मी सासूबाईंना बरोबर घेऊन सगळं परस फिरले. पावसाळ्यात पाणी कुठे साठतं, ओटा किती दिवस ओला राहतो, विहिरीचं पाणी किती वर येतं, हे त्यांना एकेक करून विचारलं. त्यांनी आयुष्यात कधी कुणाला हे सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सगळं सांगून झालं तेव्हा मी मधोमध येऊन उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. नाना बाजूला गप्प उभे होते. उन्हं चढत होती आणि कुंपणापलीकडे माणसं वाढत होती.

थोड्या वेळानं त्यांनी टोपी काढून कुंपणावर ठेवली, धोतर खोचलं, पहार दोन्ही हातांत घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बोल," ते म्हणाले, "कुठे खणू?"